यादी कोणाच्या हातात? : स्वतंत्र लेखन आणि त्याचा माग ठेवणारा वाचक

१

मराठी नियतकालिकांचा इतिहास आपण बहुधा संपादकांचा इतिहास म्हणून वाचतो. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढले, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली, र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' १९२७ पासून १९५३ पर्यंत चालले. ही नावे आणि साले आपल्या परिचयाची आहेत. संपादकाने सोसलेले कर्ज, खटले आणि टीका यांचीही नोंद आपण ठेवली आहे. या इतिहासाची दुसरी बाजू मात्र फारशी लिहिली गेली नाही, आणि ती वाचकाची बाजू आहे. असे एखादे पत्र निघते आहे, हे त्याला कळले कोठून? पहिला अंक आवडल्यावर दुसरा त्याच्यापर्यंत आला कसा? गावात ज्याचे नावही कोणी काढत नाही असे मासिक त्याने वर्षानुवर्षे धरून कसे ठेवले?

हे प्रश्न केवळ जुन्या काळापुरते असते तर त्यांच्यासाठी एवढी पाने खर्च करण्याचे कारण नव्हते. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मराठीत पुष्कळसे स्वतंत्र लेखन ब्लॉगवर झाले. त्यावर ना संपादक, ना प्रकाशक, ना वर्गणी. त्यातले किती आपण वाचले आणि किती नजरेआड झाले, याचा विचार करू लागले की गाडी पुन्हा त्याच तीन प्रश्नांपाशी येऊन थांबते. शोधणे आणि माग ठेवणे ही वाचकाची दोन कामे आहेत. ती पार पाडण्यासाठी त्याला एक यादी लागते. आपल्याला काय वाचायचे आहे, याची यादी. ती यादी वाचकाच्या स्वतःच्या हातात होती की दुसऱ्याच्या, यावर स्वतंत्र लेखनाचे आयुष्य अवलंबून राहिले आहे. प्रस्तुत निबंधाचा विषय हाच आहे. आणि त्यासाठी बडोद्याइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

२

प्रथम जुनी व्यवस्था पाहू. 'निबंधमाले'चे सात वर्षांत ८४ अंक निघाले आणि त्यांतले जवळजवळ सारे लेखन एकट्या चिपळूणकरांचे होते. एका माणसाने, आपल्या मनाला येईल त्या विषयावर, नियमाने लिहावे आणि ज्याला हवे त्याने ते मागवून घ्यावे, असा हा व्यवहार होता. त्याआधी लोकहितवादींनी १८४८ पासून 'शतपत्रे' लिहिली, पण ती 'प्रभाकर' या दुसऱ्याच्या पत्रात. दुसऱ्याच्या घरात बोलणे आणि स्वतःचे घर बांधून बोलणे यांतला हा फरक आहे. स्वतःच्या घरात मोकळीक असते. मात्र तेथवर माणसे आणायची जबाबदारीही आपलीच.

ही माणसे येत कशी? तीन वाटा होत्या. पहिली वाट टपालाची. वर्तमानपत्रांना टपालाचा सवलतीचा दर होता, आणि १८७७ पासून व्ही. पी.ची सोय झाल्यावर पैसे आधी पाठवण्याचा धोका वाचकाला राहिला नाही. पुडके दारी आले की पैसे पोस्टमनच्या हाती द्यायचे. दुसरी वाट जाहिरातीची. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, वाट म्हणजे नियतकालिकांनी एकमेकांची ठेवलेली दखल. संपादक आपापले अंक एकमेकांना अदलाबदलीने पाठवीत आणि मागच्या पानांवर 'साभार पोच' या सदरात त्यांची नावे छापीत. आज ते सदर कोणी वाचत नाही. पण दूरच्या गावातील वाचकाला नागपूर, धुळे किंवा बेळगाव येथे काही नवे निघाले आहे हे त्याच चार ओळींतून कळत असे. ज्या संपादकावर आपला विश्वास बसला आहे, तो ज्याची पोच देतो ते एकदा पाहावे, एवढे साधे हे तर्कशास्त्र होते.

यातली जाहिरातीची वाट किती सहज बंद होऊ शकते, याचे एक उदाहरण मराठीच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' सुरू झाले. त्याची जाहिरात, पैसे देऊ केले असतानाही, 'केसरी'ने छापण्याचे नाकारले. ही हकीकत पुढे आंबेडकरांनीच 'बहिष्कृत भारता'त सांगितली. त्या काळी मराठी वाचकांचा मोठा वर्ग 'केसरी'च्या यादीत होता. यादी ज्याच्या हाती, त्याने दार लावले तर नवा आवाज ज्यांच्यासाठी उमटला आहे त्यांनासुद्धा तो ऐकू जाण्यास विलंब लागतो. 'मूकनायका'चा वाचक घडला तो सभांतून, वस्त्यांतून, हातोहाती फिरलेल्या अंकांतून. म्हणजे ज्यांची दखल छापील जगाने घेतली नाही, त्यांनी आपली यादी छापील जगाबाहेर तयार केली.

३

आता बडोद्याकडे वळू. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व राज्यात लागू केला. शाळा झाली, मूल वाचायला शिकले, आणि पुढे वाचायला काही मिळाले नाही तर पाच-सात वर्षांत ते अक्षर विसरते. महाराजांपुढचा हा प्रश्न व्यवहारी होता. १९०६ च्या अमेरिका-प्रवासात त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास आणले. बॉर्डन येथे तीन वर्षे राहिले. मध्यवर्ती ग्रंथालयाला महाराजांनी आपला खासगी संग्रह दिला. ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग १९११ मध्ये उघडला. कपाटे वाचकांसाठी खुली ठेवली गेली. १९१२ पासून 'लायब्ररी मिसलेनी' हे त्रैमासिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले.

या साऱ्यातून वाचकाच्या दृष्टीने दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतील. पहिली म्हणजे गावोगावच्या ग्रंथालयांच्या खर्चाची रीत. गावकऱ्यांनी वर्गणीने जेवढी रक्कम जमवावी तेवढीच सरकारने आणि तेवढीच प्रांतपंचायतीने घालावी, असा तिसऱ्या हिश्श्याचा नियम होता. नियम साधा दिसतो, पण त्याचा अर्थ लक्षात घ्या. गावाने मागितल्याशिवाय ग्रंथालय उघडत नसे. पहिला पैसा वाचकाचा. वाचनाची इच्छा गावात आधी कोणीतरी जागी करावी लागे, आणि ते काम मोतीभाई अमीन यांच्यासारख्या शिक्षकाने केले. सरकारी योजनेच्या आधीच, १९०६ पासून, ते मित्रमंडळांच्या रूपाने वाचनालये उभी करीत होते. पुढे ग्रामीण ग्रंथालयांचे काम त्यांच्याकडे आले. या रीतीने शेकडो गावांत वाचनाची सोय झाली.

दुसरी गोष्ट फिरत्या पेट्यांची. जेथे ग्रंथालय नाही अशा गावी मजबूत लाकडी पेटीत पंधरा ते तीस पुस्तके भरून पाठवीत. शाळा, मंडळ किंवा जबाबदार गृहस्थ, कोणीही मागणी करावी. वाहतुकीचा खर्च खात्याचा. पेटी वाचून झाली की परत जाई आणि दुसरी येई. न्यूयॉर्क राज्यात मेलविल ड्यूई यांनी १८९० नंतर सुरू केलेल्या प्रयोगाची ही बडोदी आवृत्ती होती. मला या पेटीतली महत्त्वाची गोष्ट वाटते ती तिचे फिरणे. वाचकाने ग्रंथापर्यंत जाण्याऐवजी ग्रंथ वाचकापर्यंत जातो, ठरलेल्या रीतीने जातो, आणि तो गेला हे कळवण्यासाठी मध्ये कोणाची शिफारस लागत नाही.

या व्यवस्थेची मर्यादाही सांगितली पाहिजे. पेटी भरणारा हात सरकारचा होता. पुस्तके निवडणारे अधिकारी विद्वान आणि सद्भावनेचे होते, तरी काय निवडायचे नाही हेही तेच ठरवीत. आणि वाचनाचा हक्क दिला म्हणजे माणुसकीचा हक्क मिळतोच असे नाही. ज्या १९१७ साली बडोद्याच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरत होत्या, त्याच साली बडोदा राज्याच्या शिष्यवृत्तीवर शिकून आलेल्या आंबेडकरांना या शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी विश्रामगृहातून त्यांना काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले आणि नोकरी सोडून जावे लागले. बडोद्याच्या ग्रंथालय-चळवळीचा गौरव करताना ही नोंद बाजूला ठेवता येत नाही.

त्याच १९१७ साली बडोद्यात आणखी एक घटना घडली. भगवंतराव पाळेकर यांनी 'जागृति' हे मराठी साप्ताहिक सुरू केले. सत्यशोधक विचारांचे, बहुजन समाजाच्या शिक्षणाचा कैवार घेणारे हे पत्र १९४९ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे चालले. गुजराती मुलखातल्या एका शहरातून मराठी साप्ताहिक इतका काळ चालते, याचा अर्थ त्याचे वाचक एका पेठेत नव्हते. ते विखुरलेले होते आणि टपालाने जोडलेले होते. संपादकांना आज आपण 'जागृतिकार पाळेकर' म्हणून ओळखतो. पत्राचे नाव माणसाला चिकटावे इतके ते दोन्ही एक झाले होते. ही एकेकट्या माणसाची पत्रे विखुरलेल्या वाचकांवर जगतात. 'समाजस्वास्थ्या'चेही तेच. कर्व्यांचे मासिक वाचनालयाच्या टेबलावर उघडपणे ठेवायला अनेकांना संकोच वाटला असता. ते घरच्या पत्त्यावर येत होते म्हणूनच टिकले. पत्त्यांची वही ही अशा संपादकाची खरी दौलत.

४

स्वातंत्र्यानंतर मोठी मासिके आणि दैनिके वाढली, तरी लहान पत्रांचा प्रवाह आटला नाही. मुंबईत १९५५ च्या सुमारास 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइलवर निघाले. साठीच्या दशकात 'असो', 'वाचा', 'येरू', 'फक्त' अशी कितीतरी आली आणि गेली. बडोद्यात गुजरातीत सुरेश जोशी यांचे 'क्षितिज' होते. १९६९ ते १९७३ या काळात गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर या दोन चित्रकारांनी येथूनच 'वृश्चिक' हे इंग्रजी पत्र चालवले. चित्रकारांची मूळ छापचित्रे, भारतीय भाषांतील कवितांची भाषांतरे आणि ललित कला अकादमीच्या कारभारावरची परखड टीका त्यात येई. पाने थोडी, प्रती थोड्या. पण देशभरचे चित्रकार आणि कवी त्याची वाट पाहत.

या पत्रांची एक अडचण सर्वांना ठाऊक आहे. ती वेळेवर निघत नसत. पुढचा अंक दोन महिन्यांनी येईल की आठ, हे संपादकालाही माहीत नसे. वाचकाने चौकशी तरी किती वेळा करावी? 'अनियतकालिक' हा शब्द आपण कौतुकाने वापरतो, परंतु वाचकासाठी अनियमितपणा म्हणजे पत्र हातून निसटण्याची भीती. जो नियमाने लिहीत नाही त्याचा माग नियमाने कसा ठेवावा, हा प्रश्न टपालाच्या काळात सुटला नाही. तो सुटला पुढे तीस वर्षांनी, आणि अगदी अनपेक्षित ठिकाणी.

५

१९९९ च्या मार्च महिन्यात नेटस्केप या कंपनीने आरएसएस नावाची एक साधी लेखनपद्धती आणली. ती समजायला अवघड नाही. प्रत्येक ब्लॉगच्या पोटात एक छोटी फाइल असते. तिला फीड म्हणतात. लेखकाने नवे काही लिहिले की त्याचे शीर्षक, तारीख, पत्ता आणि बहुधा मजकूरही त्या फाइलीत आपोआप नोंदला जातो. वाचकाकडे फीड रीडर असतो. त्यात त्याने आपल्या आवडीच्या ब्लॉगांचे पत्ते घातलेले असतात. हा रीडर दिवसातून अनेकदा त्या सगळ्या फाइली तपासतो आणि जेथे नवे काही आले असेल तेवढेच समोर मांडतो. लेखक रोज लिहो की वर्षातून एकदा, वाचकाला चौकशी करावी लागत नाही. मघाची अनियतकालिकाची अडचण येथे मिटते.

आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ही वर्गणी फुकट आहे; आणि ती घेतली हे लेखकाला कळवावेही लागत नाही. वाचकाचे नाव, पत्ता, वय, जात काही कोणाला द्यावे लागत नाही. 'समाजस्वास्थ्या'च्या वाचकाला पोस्टमनची नजर तरी चुकवता येत नव्हती. शिवाय ही पद्धत कोणा एका कंपनीच्या मालकीची राहिली नाही. २००२ साली आरएसएसची दुसरी आवृत्ती आली, २००५ साली 'अ‍ॅटम' नावाची तिची भावंड-पद्धत मान्य झाली. कर्त्यांचे आपसात वाद झाले, पण वाचकाला त्याची झळ लागली नाही. बहुतेक रीडर दोन्ही वाचतात.

मराठी ब्लॉगांचा बहर याच सुमाराचा. संगणकावर युनिकोडमुळे देवनागरी सर्वत्र सारखी दिसू लागली, 'बरहा' आणि 'गमभन' यांसारख्या साधनांनी टंकलेखन आवाक्यात आले, आणि पुण्या-मुंबईपासून अमेरिकेपर्यंतची माणसे मराठीत लिहू लागली. प्रवास, पाककृती, शेती, संगीत, जुन्या नोकरीतल्या आठवणी, भाषेच्या शंका असे विषय होते. ते वाचकाला सापडले कसे? जुन्याच रीतीने. ब्लॉगच्या कडेला लेखक आपल्या आवडत्या ब्लॉगांची यादी लावीत. ती 'साभार पोच'च होती. 'मराठी ब्लॉग विश्व' या ठिकाणी अनेक ब्लॉगांचे नवे लेखन एकत्र दिसे. ते वाचनालयातले मासिकांचे टेबल म्हणा. एका ब्लॉगवरून दुसऱ्यावर, तेथून तिसऱ्यावर जायचे आणि आवडेल त्याचा पत्ता आपल्या रीडरमध्ये घालायचा. शोध माणसांच्या शिफारशीवर चाले आणि माग यंत्र ठेवी. कामाची ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

६

मग हे सगळे मागे का पडले? एक कारण सोयीचे आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये गूगलने आपला रीडर आणला. तो चांगला होता, फुकट होता, आणि बहुसंख्य वाचक तेथे गेले. १३ मार्च २०१३ रोजी कंपनीने तो बंद करण्याचे जाहीर केले आणि १ जुलै २०१३ रोजी तो बंद झाला. ज्यांनी वर्षानुवर्षे जमवलेली यादी बाहेर काढून घेतली, त्यांचे फारसे बिघडले नाही. दुसऱ्या रीडरमध्ये ती जशीच्या तशी घालता आली. अशी यादी नेण्या-आणण्यासाठी ओपीएमएल नावाची फाइल असते, हे ज्यांना माहीत होते त्यांची ही गोष्ट. ज्यांना माहीत नव्हते त्यांच्या याद्या गेल्या, आणि त्यांच्यासाठी ते ब्लॉगही गेले. ब्लॉग जागच्या जागी होते. वाट पुसली गेली होती.

दुसरे कारण अधिक खोल आहे. फेसबुकने २००६ च्या सप्टेंबरमध्ये आपले 'न्यूज फीड' सुरू केले. नाव तेच, फीड. पण व्यवहार उलटा. येथे काय दिसावे आणि कोणत्या क्रमाने दिसावे हे पुढे कंपनीचे गणित ठरवू लागले. वाचकाने ज्याला पसंती दिली त्याचे लिखाण त्याला दिसेलच अशी खात्री उरली नाही. लेखकही तिकडे गेले, कारण वाचक तिकडे होते. अनेक मराठी ब्लॉगांवरचे शेवटचे लेखन याच वर्षांतले आहे. बडोद्याची पेटी भरणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव तरी ठाऊक होते. त्याला पत्र लिहून अमुक पुस्तक का नाही असे विचारता येत होते. या नव्या पेटीवर कोणाचेच नाव नाही.

याचा अर्थ जुने ते सोने असा नव्हे. समाजमाध्यमांनी कधी न लिहिणाऱ्यांना लिहिते केले, हे मान्य केले पाहिजे. 'मूकनायका'ला नकार मिळाला तशी एकाच दाराची सत्ता आता उरलेली नाही. पण जो आवाज मोठा नाही, जो भांडत नाही, जो चार महिन्यांनी एकदा बडोद्याच्या जुन्या वाड्यांविषयी किंवा खानदेशातल्या बियाण्यांविषयी सविस्तर लिहितो, त्याला या गणितात जागा नाही. असा लेखक टिकायचा तर त्याला ठरवून परत येणारे पन्नास-शंभर वाचक पुरतात. लाख लोकांची क्षणभराची नजर त्याच्या कामाची नाही.

७

वाचकहो, हे सारे हातातून गेलेले नाही. वर्डप्रेस आणि ब्लॉगर येथील ब्लॉग आजही आपोआप फीड तयार करतात. लेखकाला त्यासाठी काही करावे लागत नाही, कित्येकदा ते त्याला ठाऊकही नसते. फीडली, इनोरीडर असे रीडर उपलब्ध आहेत. जे पॉडकास्ट आपण ऐकतो, तेही बहुतांशी याच आरएसएसच्या वाटेने आपल्यापर्यंत येतात. ब्लॉगचा पत्ता रीडरमध्ये घातला की फीड तो स्वतः शोधून काढतो. पाच-सात पत्त्यांनी आरंभ करावा. एखादा लेख आवडला तर लेखकाने त्यात ज्यांचा उल्लेख केला आहे तेथे जावे. महिन्याला एक-दोन नवी नावे यादीत घालावीत, कंटाळा आणणारी काढून टाकावीत. वर्षातून एकदा यादीची फाइल उतरवून आपल्यापाशी ठेवावी. गूगल रीडरच्या बंद होण्यातून घ्यायचा धडा एवढाच आहे.

साहित्यसंस्थांनाही येथे काम आहे. बडोद्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या नियमात पहिला हिस्सा वाचकाचा होता, पण उरलेले दोन संस्थांचे होते. आपल्या वार्षिकांत आणि मासिकांत 'साभार पोच' छापताना वर्षभरात वाचनात आलेल्या स्वतंत्र ब्लॉगांची नावेही छापावीत. त्यासाठी पैसा लागत नाही. ग्रंथालयांनी आपल्या भागातील, आपल्या बोलीतील अशा लेखनाची सूची ठेवावी आणि लेखकाच्या संमतीने त्याच्या छापील प्रती जतन कराव्यात. 'जागृति'चे अंक कोणीतरी जपून ठेवले म्हणून पाळेकर आज आपल्याला वाचता येतात. ब्लॉगचे तसे नाही. लेखक गेल्यावर, खाते बंद झाल्यावर, भाडे न भरल्यावर तो एका दिवसात नाहीसा होतो, आणि रद्दीच्या दुकानातही सापडत नाही.

लिहिणाऱ्यांची उणीव मराठीला कधीच नव्हती. त्यांच्यापर्यंत पुन्हा पुन्हा जाणारा वाचक ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि तो घडतो तो आपली यादी आपण राखण्याच्या सवयीने. बडोद्याने शंभर वर्षांपूर्वी गावाला सांगितले होते की पहिला पैसा तुमचा. आज पैशाची जागा थोड्या श्रमाने घेतली आहे. पण पहिले पाऊल अजूनही वाचकाचेच आहे.